पॅनमन आणि विम्याचा कागद

चि. राधा आणि चि. निखिल,

आरोग्य विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावरून राधाच्या कंपनीत काम बंद पडल्याचं परवा फोनवर कळलं आणि मला आमचे शेजारी पॅनमन आठवले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून आजच लिहून ठेवते.

अख्ख्या बीड जिल्ह्यात त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस झाला नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. त्यांना खुर्ची दिली की ते तिच्याभोवती फिरत. जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर. मात्र पॅनसमोर, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरवतात त्या मोठ्या भांड्यासमोर, हाच माणूस तासन्‌तास हलत नसे. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा, दाणा पाहायचा. ही सवय इतकी जडली होती की घरी आमटीचा थेंबही पट्टीवर जाई. एकदा माझ्या चहाचा निकाल लागला, "बाई, दाना धरला न्हाई."

मग दुष्काळ पडला. ऊस जेमतेम, तेव्हा विम्याचा अर्धा हप्ता कामगारांनीच भरावा, असं संचालकांनी ठरवलं आणि संप झाला. सगळे बाहेर पडले, पॅनमन मात्र आत राहिले. पॅन अर्धा शिजलेला. तो तसाच सोडला तर आत पाकाचा दगड होतो. तीन तासांनी पॅन रिकामा करून गेटवर आले तेव्हा दोस्तांनी घेरलं, "का बे, साहेबाचा झाला काय?"

"साहेबाचा न्हाई बे, पॅनचा!"

साहेबांचाही तोच गैरसमज झाला. दुसऱ्या दिवशी एक इंग्रजी कागद घरपोच आला. पॅनमननी तो आधी सवयीने उजेडाला धरला, मग माझ्याकडे वाचायला दिला. सही करून कामावर आले तर त्यांचा पूर्ण हप्ता कारखाना भरणार होता. जुना विमा आठवड्यात संपत होता आणि त्यांच्या बायकोच्या हृदयाची झडप महिन्याभरात बदलायची होती.

ते माझ्या अंगणात फेऱ्या मारू लागले. भांड्यांच्या पाण्यावर जगवलेल्या कोथिंबिरीतून तीनदा गेले. शेवटी त्यांची बायको, दिंद्रुडच्या आमच्या वहिनी, भिंत धरत, धापा टाकत आल्या.

"कावून फिरायलात?"

"तुज्यासाठी."

"माज्यासाठी व्हय? त्या दिशी पॅन अर्ध्यात सोडला न्हाई. मंग मानसं कावून सोडता?"

कागद सहीविना परत गेला. विमा संपला, ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. दीड महिना हा माणूस गेट ते घर, घर ते गेट चालत राहिला. चपला दोनदा शिवल्या. अखेर पूर्ण हप्ता भरायला कारखाना तयार झाला. झडप बदलली, पण उशिरा. वहिनींचा दम काही पुरता गेला नाही.

पुढे काही वर्षांनी पॅनमन गेले, ते खुर्चीत बसल्या बसल्या. वसाहतीत कोणाला खरंच वाटेना.

कारखान्याचं धुराडं आता थंड आहे. वहिनी आहेत. काचेची पट्टी त्यांच्याकडे आहे, आणि माझा चहा अजून तिच्यावर तपासला जातो.