दसऱ्यानंतर रुसणारी बोट

आमच्या घरात सुनेपेक्षा बोट जास्त रुसते, असं माझे सासरे, आबा, चारचौघांत सांगायचे, तेही माझ्याकडे बघून. मी तोंड वाकडं केलं की त्यांना आणखी चेव यायचा.

बोट म्हणजे जुनी फायबरची मोटारबोट, पोटात डिझेल इंजिन. आमचं घर धरणाच्या नाशिककडच्या काठावर आणि मळा समोरच्या. रस्त्याने जायचं तर पार लांबून वळसा, आणि गाडी आता आबांना कोणी चालवू देत नाही. बोटीने मात्र सकाळचा चहा पोटात गरम आहे तोवर पलीकडे. आबा रोज एकटेच जायचे, मळ्यात फेरी मारायचे, वालाच्या शेंगा नाहीतर वांगी घेऊन परत यायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव त्या एका फेरीत होता.

आणि ही बया दरवर्षी दसरा झाला की रुसायची. किल्ली फिरवली की नुसतं कट्ट वाजायचं, पुढे काही नाही. मग बॅटरी बदल, स्टार्टर खोल, मेकॅनिक बोलाव, हे दिवाळीपर्यंत चालायचं. गेल्या साली तर ऐन मध्यावर बंद पडली. आबांचा फोन घरी चार्जिंगला. ऊन कललं तरी म्हातारा येईना म्हणून आम्ही काठावर. शेवटी मासेमारी करणाऱ्या शेजाऱ्याने दोर बांधून ओढून आणलं. आबा उतरले हसतच, पण हात गार पडले होते. त्या दिवशी जेवताना आमचे हे, एरवी वडिलांपुढे ब्र न काढणारे, स्पष्टच बोलले. "आबा, पुन्हा एकदा बंद पडली की विकायची. मळ्याचं मी बघेन, तुम्ही घरी बसायचं."

आबा ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले. मला ते बघवलं नाही.

मी सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात विजेच्या पॅनलचं वायरिंग करते. दिवसभर वायर सोलायची, तिच्या टोकावर लग, म्हणजे तांब्याची टोपी, दाबायची, नंबर लावायचे. पण घरातला मिक्सर बंद पडला तर आमचे हे अजून वायरमनलाच फोन करतात. म्हटलं, आता पुरे झालं. यंदा पितृपक्षात पाऊस उघडला तेव्हा मी जाहीर केलं, बोटीची सगळी वायर मी नव्याने टाकणार.

"पितृपक्षात नवीन काम?" हे म्हणाले.

"काम जुनंच आहे. तुम्ही केलं नाहीत म्हणून राहिलंय."

आबा मिशीत हसले. "पितरांना मी सांगतो समजावून. त्यात माझी बायकू बी हाय, ती सुनंच्याच बाजूची."

सुट्टीच्या दिवशी बोट काठाला घेतली आणि आत बघून माझं डोकंच फिरलं. घराच्या भिंतीतली एकतारी वायर, तिला जोडलेली ट्रॅक्टरची, तिला कुठल्याशा मांडवातल्या दिव्यांची. सांधे नुसते पिळलेले, वर काळी टेप. इंजिनाच्या थरथरीत एकतारी वायर टिकते का कधी? ज्या कोणा महाभागाने हे केलं होतं, तो आमच्या लाइनवर असता तर सुपरवायझरच्या आधी मीच त्याला हाकलला असता. मग सुकाणूपुढचा, किल्लीचा पितळी बोर्ड खोलला.

मागे खोबरं होतं. खरंच खोबरं, वाळून काळे पडलेले तुकडे. अक्षता होत्या, हळदकुंकवाचा चिकट राप होता, आणि त्याखाली सगळं तांबं हिरवं. हात लावला तर वायरीचा भुगाच झाला.

दसऱ्याला आबा बोटीची पूजा करायचे. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि नारळ फोडून त्याचं पाणी थेट किल्लीच्या बोर्डावर. का, तर बोटीचा जीव किल्लीत. पुढे थोड्याच दिवसांत बोट बंद. मग आबांना वाटायचं, पूजेतच काहीतरी कमी राहिलं. म्हणून एकाचे दोन नारळ झाले होते. ओल वाळली की बोट पुन्हा चालू व्हायची, त्यामुळे बोर्ड कोणी खोललाच नव्हता. आणि आम्ही सगळे इतकी वर्षं बिचाऱ्या बॅटरीला शिव्या घालत होतो, चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी तिथेच बसले. आधी हसू आलं, मग रडू. म्हातारा जिच्यावर एवढा जीव टाकतो, तिला त्याच्याच मायेने गंज चढवला होता. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? आणि ह्यांना सांगितलं असतं तर रोज जेवताना त्याचा टोमणा झाला असता. मी खोबऱ्याचे तुकडे एकेक करून ओढणीत वेचले आणि पाण्यात सोडून दिले. कोणाला काही बोलले नाही.

नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानांतून सामान आणलं. बारीक तारांची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर घेतली, म्हणजे ओल लागली तरी लवकर गंजत नाही. रबरी कडेचं झाकण असलेला फ्यूज बॉक्स सीटखाली बसवला, किल्ली सुकाणूच्या बाजूला आडोशाला नेली. तळातलं पाणी उपसायला पंप टाकला, दिवे एलईडी केले, प्रत्येक वायरला नंबर घातला. काम बघून मीच माझ्यावर खूश झाले, खोटं कशाला बोलू. जुना पितळी बोर्ड मात्र काढला नाही. त्याच्यामागे आता एकही तार नव्हती.

"ह्यो कशाला ठिवला?" आबांनी विचारलं.

"राहू दे आठवण. दसऱ्याला पूजा करा त्याची," मी जरा तोऱ्यातच म्हणाले, म्हणजे पुढे प्रश्न यायला नको.

आबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

दसऱ्याला धरण काठोकाठ भरलेलं होतं. हे पंचनाम्याला आल्यासारखे हाताची घडी घालून काठावर उभे. आबांनी दोन नारळ फोडले, पाणी सगळं जुन्या बोर्डावर ओतलं आणि हात जोडून कितीतरी वेळ उभे राहिले. मी मनात म्हटलं, जमलं बाई. तेवढ्यात ते सीटखाली वाकले. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी अडवायला पुढे झाले.

त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. उपरण्याला हात पुसले, बोटं एकेक करून कोरडी केली, आणि नव्या बॉक्सच्या झाकणाला चिमूटभर कोरडं कुंकू लावलं. जास्तीचं होतं ते फुंकर मारून उडवलंसुद्धा.

"हिला कोरडंच बरं," ते हळू आवाजात म्हणाले, ह्यांना ऐकू जाऊ नये इतक्या. "तू ओढणीत खोबरं येचत व्हतीस ना, मी वर आंब्याखाली उभा व्हतो. सून बोलंना, मंग म्हनलं, आपन तरी कशापायी बोलायचं."

मी विचारलं, "मग आबा, जुन्या बोर्डावर आज दोन नारळ कशाला?"

"माफी नको का मागाया त्याची? इतकी वर्सं मीच त्याला आजारी पाडत व्हतो. आन रुसली, रुसली म्हनून बोल तिलाच लावत व्हतो."

आबांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. ते ऐकून हेही काठावरून बोटीत येऊन बसले, वडिलांच्या सोबतीला.

"उतर रे," आबा सुकाणू धरत म्हणाले. "मळ्यात मी एकलाच जातो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "उतरा."

हे उतरले. मग मीही उतरले आणि दोर सोडला.