जंतवाल्या सिस्टर

सिस्टर मुलाला आधी नाव विचारत नसत. मूल पुढ्यात आलं की अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघत, मग नखं, मग पोट. नाव सगळ्यात शेवटी. दिंडोरी तालुक्यातल्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांनी माझीही पापणी ओढून पाहिली आणि "बरे आहात" एवढंच म्हणाल्या. गाव त्यांना जंतवाल्या सिस्टर म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं. राग नव्हता.

त्या मूळच्या मालेगावच्या. आरोग्य उपकेंद्रावर नर्स म्हणून एकट्या, आणि फिरायला पाच गावं. पोरगं लय खातं, बघा कसं पोट सुटलंय, असं कुणी कौतुकाने सांगितलं की म्हणत, "ते नाही खात गं, त्याच्या आतले खातात." मग चुलीपाशी बसून नखं, चप्पल, साबण, सगळं पहिल्यापासून. मला त्याचा कंटाळा यायचा. वर्गात पेंगणारी मुलं मला आळशी वाटत. सिस्टर म्हणाल्या, "सर, अंगात रक्तच नाही त्यांच्या. तुमचं शिकवणं कुठून चढणार?"

द्राक्षांच्या हंगामात सुरगाण्याकडची कुटुंबं मळ्यांवर कामाला येत आणि पत्र्याच्या खोल्यांत राहत. त्यात सहा-सात वर्षांची सोमी होती. ती बांधावरची माती खायची, म्हणून आई तिला मारायची. सिस्टरांनी आईला समजावलं, की रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते, मारून ती सवय सुटत नाही.

शाळेत जंताच्या गोळ्या द्यायच्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक वेगळं पाकीट ठेवलं. मळ्यावरची मुलं पटावर नव्हती. सिस्टरांना आणखी दोन गावं करायची होती. त्या मुलांना बोलावून घ्या आणि समोर चावून खायला लावा, असं त्यांनी मला सांगितलं. मी हो म्हणालो. दुपारी बैठक होती, पाकीट कपाटात राहिलं. आठवड्याने त्यांनी विचारलं, तेव्हा मी "दिल्या" म्हणालो.

महिन्या-दीड महिन्याने सोमीला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस घरचे उपाय झाले. तिसऱ्या दिवशी उलटीत जंत पडले आणि पोट दगडासारखं झालं. सिस्टर तिला घेऊन नाशिकला गेल्या. ऑपरेशन झालं. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता, आतडं सडलं होतं. चौथ्या दिवशी सोमी गेली.

तिथून सिस्टर थेट शाळेत आल्या. काही विचारण्याआधीच मी कपाट उघडलं. त्यांनी पाकीट पाहिलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

सोमीची आई खोलीबाहेर बसली होती. सिस्टर तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. तिने विचारलं, "बाई, याला औषद नव्हतं का?"

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडून पोचलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभाच होतो. परत येताना मी माफी मागू लागलो, तर म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? तिला सांगा."

धीर करून गेलो, तोवर चार दिवस झाले होते. खोली रिकामी होती. ती माणसं गावाला निघून गेली होती.

पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना ती खोली रिकामी सापडल्याचं सांगितलं. त्यांनी एका कागदावर सोमीच्या आईचं नाव आणि पाड्याचं नाव लिहून दिलं. म्हणाल्या, "सुरगाणा काही लांब नाही, सर."

गेल्या पावसाळ्यात सिस्टर वारल्या. आता दर हंगामात मी गोळ्या घेऊन स्वतः मळ्यांवर जातो, एकेका मुलाला समोर चावायला लावतो. सुरगाण्याला मात्र अजून गेलेलो नाही.