एक्केचाळीस वेळा चार्ज झालेला नवा लॅपटॉप

लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग हा माझा धंदा. दारव्ह्यात आणि आसपास शूटिंग करणारे तीन-चार फोटोग्राफर मला मेमरी कार्डं आणून देतात आणि मी घरी बसून हळदीपासून बिदाईपर्यंत सगळं जोडते. सहा वर्षं हे काम एका जुन्या कॉम्प्युटरवर चाललं. मागच्या उन्हाळ्यात बोरी अरबच्या एका लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यावर आला असताना त्याने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, फुंकर मारली आणि परत बंद केला. "याच्यात आता काही राह्यलं नाई, ताई. नवीन घ्या."

नवीन म्हणजे गेमिंग लॅपटॉप. मी आयुष्यात एक गेम खेळलेली नाही, पण व्हिडिओच्या कामाला जे तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं ते परवडणाऱ्या किमतीत या खेळण्याच्या लॅपटॉपांतच मिळतं. बाबांना हे काही पटेना. बाबा पस्तीस वर्षं तहसील कचेरीत नक्कल विभागात होते. शिक्का खरा की खोटा, सही आधीची की नंतरची, हे कागद उजेडात धरून पाहण्यात त्यांचा जन्म गेला.

"खेळाचा डबा कामाले कायले पाह्यजे?" त्यांनी विचारलं. मग जरा वेळाने, पेपर बाजूला ठेवून, "तू गेम-बिम तं खेळत नाई ना?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

पण बाबांना हसण्याचा मला हक्क नाही. मीही त्यांचीच मुलगी. माझ्यासमोर दोन लॅपटॉप होते, किंमत जवळपास सारखीच. एक काळा, कीबोर्डमधून लाल दिवे निघणारा. दुसरा करडा, दिसायला एखाद्या बँकेतल्या लॅपटॉपसारखा. दोन्हींत ग्राफिक्स कार्ड एकाच नावाचं. तरी एक जण सांगे की काळ्याचा वेग जास्त, दुसरा सांगे करड्याचा. दोन आठवडे मी यूट्यूबवर परीक्षणं पाहिली आणि एका वहीत लिहून काढली. प्रत्येक परीक्षणाच्या खाली खरेदीची लिंक होती. मग मी असं ठरवलं की जो लिंक देतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि अशाने कुणीच उरलं नाही. शेवटी एवढं समजलं की कार्डाचं नाव सारखं असलं तरी त्याला वीज किती मिळते ते कंपनी ठरवते, आणि ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुणी लिहीत नाही. काळ्याला वीज जास्त मिळत होती, म्हणजे वेगही जास्त. करड्याची स्क्रीन चांगली होती, रंग खरे दिसत होते. हळदीचा पिवळा नीट दिसणं माझ्या कामात महत्त्वाचं. मी रोज मत बदलत होते.

याच दिवसांत भाऊजींचे फोन सुरू झाले. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बाभुळगावला राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. ताईने त्यांना माझ्या लॅपटॉपचं सांगितलं होतं.

"काळाच घे," ते म्हणाले. "यवतमाळले माझ्या ओळखीचं दुकान आहे. तिथून घे. दुसरीकडे जाऊ नको."

दोन दिवसांनी परत फोन. "एकच पीस राह्यला म्हणते तो. मी ठेवाले सांगतलं."

तिसऱ्या फोनला मी आवाज मोठा करून मोबाईल बाबांसमोर धरला. बाबांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर चष्मा काढून पुसला.

"एवढे कायले मागं लागून राह्यले हे?"

"मलेही तेच वाटून राह्यलं," मी म्हटलं.

दुकानदार गिऱ्हाईक आणणाऱ्याला काही कमिशन देतात, हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी मी आणि बाबा बसने यवतमाळला गेलो. दुकानात शिरलो तर भाऊजी आधीच हजर. काउंटरच्या आतल्या बाजूला, दुकानदाराच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा घेत होते. गिऱ्हाईक बाहेर असतं, हे आत होते. मला ते खटकलं. बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

दुकानदार भाऊजींच्याच वयाचा, हसतमुख. त्याने काळ्याचं खोकं काढलं. बाबांनी ते स्वतःकडे ओढलं आणि कडेची चिकटपट्टी उजेडात धरली. मग नख फिरवलं.

"याच्यावर दोन पट्ट्या आहेत," ते म्हणाले. "खालची कापलेली दिसून राह्यली."

"कंपनीतूनच तसं येते, काका."

"कंपनी स्वतःचं खोकं कापते?"

दुकानदार हसला. भाऊजीही हसले आणि म्हणाले, "बाबा, माणूस ओळखीचा आहे." मला त्या हसण्यातही हिशोब दिसला.

मी लॅपटॉप सुरू करायला सांगितला. लाल दिवे लागले, स्क्रीन उजळली, सगळं कोरं करकरीत. पण माझ्या वहीत एक युक्ती लिहिलेली होती. एक ओळ टाइप केली की लॅपटॉप आपल्या बॅटरीचा अहवाल स्वतःच काढून देतो. आतला सगळा डेटा पुसून नवीन केला तरी बॅटरी आतापर्यंत किती वेळा चार्ज झाली तो आकडा सहसा पुसला जात नाही. मी ती ओळ टाइप केली. बोट चुकलं म्हणून दोनदा टाइप केली.

एक्केचाळीस.

मी तो आकडा मोठ्याने वाचला. दुकानदार म्हणाला, चुकीचं दाखवते कधीकधी. मग म्हणाला, काउंटरवर दाखवायला ठेवला असेल कोणी. मग म्हणाला, एका गिऱ्हाईकाने नेला होता, पण काहीच वापरला नाही, परत आणून दिला. तीन मिनिटांत तीन कारणं. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घातली होती. कपातल्या चहाकडे पाहत होते.

मला वाटलं, सापडले.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमाले किती भेटणार होते याच्यात?"

दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं होती. ती आमच्याकडे पाहू लागली. आमच्या घरात जावयाशी कोणी कधी चढ्या आवाजात बोललेलं नाही. बाबा मला थांबवतील असं मला बोलताबोलता वाटलं होतं. त्यांनी थांबवलं नाही, ते चिकटपट्टीकडेच पाहत राहिले.

भाऊजींनी कप काउंटरवर ठेवला. माझ्याकडे पाहिलंच नाही. "बाबा, येतो मी," एवढंच म्हणाले आणि काउंटरचं फळकूट उचलून बाहेर निघून गेले. दुकानदाराने त्यांना नावाने हाक मारली, पण ते वळले नाहीत.

आम्हीही निघालो. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात करडा लॅपटॉप होता. ते दुकान एक पन्नाशीच्या बाई चालवत होत्या. त्यांनी खोकं समोर ठेवलं आणि आधीच सांगून टाकलं, "याचा पंखा लय आवाज करते. आणि मांडीवर घेऊन काम करसाल तं पाय भाजतीन. मग म्हणू नका की सांगतलं नाई."

आपल्या मालाचे दोष आपणच सांगणारी बाई पाहून माझी शंका दुप्पट झाली. छोटे दोष सांगून मोठा लपवत असेल. मी त्यांच्या दुकानात दोन तास बसले. स्क्रीनचा प्रत्येक कोपरा पाहिला, बिजागरी पन्नास वेळा उघडली-मिटली, एका लग्नाचा तुकडा पेनड्राइव्हवर नेला होता तो चालवून नवरीच्या शालूचा रंग पाहिला. बॅटरीचा आकडा एक होता. तरी मी विचारलं, "एक काहून? शून्य पाह्यजे."

"माय, तू आता अर्धा तास चार्जिंगले लावला ना," बाई म्हणाल्या.

करडा घेतला. परतीच्या बसमध्ये तो मांडीवर धरून बसले होते, आणि घेतल्याचा आनंद काही होईना. बाबा खिडकीबाहेर कपाशीच्या वाळलेल्या पराट्यांकडे पाहत होते. दारव्हा जवळ आलं तेव्हा म्हणाले, "बोलायले नोको होतं तिथं." मला राग आला. तिथं बोलायला नको होतं, तर तिथंच थांबवायचं.

दिवेलागणीला ताईचा फोन आला.

"काय बोलली तू त्यायले?"

मी सांगितलं.

"तो दुकानदार डीएड करताना ह्यायचा रूम पार्टनर होता," ती म्हणाली. "दोन वर्षं एका खोलीत राह्यले. यायनं त्याले फोन करून करून सांगतलं, माझी साळी आहे, चांगला दे. सुट्टी टाकून आज गेले ते, तू फसू नये म्हून. अन् त्यानं असा दिला. आले तवापासून ओसरीवर बसून आहेत. जेवले नाई."

"मग मान काहून खाली घातली त्यायनं?"

"तूच विचार त्यायले," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी बाभुळगावला गेले. बाबांना चला म्हटलं. ते म्हणाले, "मी तं काही बोललोच नाई." हे खरंच होतं. मी एकटी गेले.

भाऊजी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत होते. "बस," म्हणाले. ताईने पाणी आणलं आणि आत गेली, दाराआड थांबली हे मला कळलं. मी माफी मागितली. घरून पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती उलटसुलट झाली. त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं.

"मी खाली पाह्यलं म्हून तुले वाटलं ना?"

"हो."

"मी माझ्या लॅपटॉपचा विचार करत होतो. तीन वर्षांपहिले त्याच्याचकडून घेतला."

ते उठून आत गेले आणि आपला लॅपटॉप घेऊन आले. "ते जे टाइप केलं होतं, ते याच्यात कर."

मी केलं. आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी. ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"म्हणजे?"

"तीन वर्षं वापरला ना तुम्ही. एवढे होणारच. यातले काही तुमच्या पहिले दुसऱ्या कुणाचे होते का, ते याच्यावरून नाई सांगता येत."

"काहीच नाई?"

"नाई."

त्यांनी कपाटावरून खोकंही काढलं. धूळ झटकली. पण चिकटपट्टी कधीचीच निघून गेली होती, आत जुन्या प्रश्नपत्रिका भरलेल्या होत्या. तरी ते खोक्याच्या कडा बोटांनी चाचपत राहिले, बाबा चाचपतात तशा. मला ते पाहवेना.

"तुमच्या मित्राले विचारलं का?"

"विचारलं. म्हणते, दुकानदारीत चालते असं, तू कायले मनावर घेतं. माझ्या लॅपटॉपचं विचारलं तं म्हणे, तुले कायले फसवीन मी." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "आता त्याचं खरं मानू का नको मानू?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. तिथं बसून, त्यांचा पडलेला चेहरा पाहतानाही, माझ्या मनाचा एक कोपरा विचारत होता की हे सगळं खरंच असेल ना. मला माझीच लाज वाटली, पण तो कोपरा गप्प बसला नाही. आजही पूर्ण गप्प नाही.

ताईने वाढलं, आम्ही जेवलो. भाऊजींनी मला स्टँडवर सोडलं आणि बस सुटेपर्यंत थांबले. वरवर सगळं मिटलं.

करडा लॅपटॉप चांगला निघाला. पंखा बाईंनी सांगितला तसाच आवाज करतो. बोरी अरबचा व्हिडिओ मी त्याच्यावर चार दिवसांत पुरा केला.

भाऊजी मात्र बदलले. हा माणूस भाजीवालीने दिलेले सुटे पैसे न पाहता खिशात टाकायचा. शाळेतल्या मुलाने गृहपाठाची वही हरवली म्हटलं की लगेच खरं मानायचा. गेल्या महिन्यात ताईला मिक्सर घ्यायचा होता. भाऊजींनी दुकानात चार मिक्सर खोक्यांतून काढायला लावले, चारही चालवून पाहिले, भांड्यांच्या बुडाला वापराचे चरे आहेत का म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. दुकानदार वैतागला. शेवटी न घेताच परत आले, कारण तो फार गोड बोलत होता म्हणे. ताई फोनवर हे सांगताना हसत होती. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "परवा शेजारचे खीर घेऊन आले, तं हे मले विचारतेत, आज कायले आणली यायनं?"

"चांगली होती का खीर?" मी विचारलं.

"मी खाल्ली," ताई म्हणाली. "त्यायनं नाई खाल्ली."