घराला धुराडे नाही

पुण्यात मानसशास्त्राचे एम.ए. झाले तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. नगरच्या एका महाविद्यालयात एम.ए.वर व्याख्यात्याची जागा मिळत होती. पण मला विद्यापीठात शिकवायचे होते आणि त्यासाठी पीएच.डी. हवी होती. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विषय ठरवून दिला: ग्रामीण मुलांची बुद्धिमत्ता. नोंदणीआधी एका शाळेत चाचणी घेऊन या, म्हणाले. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचे हेडमास्तर माझ्या ओळखीचे होते. तिथे गेलो.

बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा होता. निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले. म्हाताऱ्यांजवळ ठेवलेली मुले तेवढी शाळेत होती.

चाचणी परदेशी. सूचना तेवढ्या मराठीत केलेल्या. चित्रात काय राहून गेले आहे ते मुलाने सांगायचे. एका चित्रात घर होते: दार, खिडक्या, उतरते छप्पर. छपरावर धुराडे नव्हते. ते ओळखले तरच गुण.

तिसरीतला पहिला मुलगा म्हणाला, "कुलूप न्हाई."

"कशाला कुलूप?"

"दाराला. घरात कोन दिसंना, म्हंजी तोडीला गेल्यात. मंग कुलूप नको व्हय, गुर्जी?"

त्याच्यानंतरच्या मुलीने चित्र जवळ ओढून घेतले. "उंबऱ्यात म्हातारी न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी म्हातारीला बी कोयता दिला का काय?" आणि स्वतःच हसली.

दोघांना शून्य. वर्गातल्या बहुतेकांना शून्य. मी प्रत्येकाचे उत्तर शेजारी लिहून ठेवले आणि कागद पुण्याला नेले.

मार्गदर्शकांनी उत्तरे वाचली नाहीत, गुणांची बेरीज पाहिली. "निष्कर्ष स्पष्ट आहे," ते म्हणाले. "मंदबुद्धी."

"सर, या मुलांनी घरावर धुराडे कधी पाहिलेले नाही. ते चित्र तरी बदलू."

"चाचणीला हात लावायचा नाही. मग तिकडच्या आकड्यांशी तुलना कशी करणार?"

"आपल्या बंगल्याला धुराडे आहे का, सर?"

त्यांनी पेनाला टोपण लावले. "तुम्ही एम.ए.वरच थांबा. वकिली चांगली कराल, संशोधन तुमचे काम नाही."

निष्कर्ष मान्य केला तर नोंदणी, नाही तर नाही, एवढाच तो व्यवहार होता. मी नगरची नोकरी घेतली. माझ्या कागदांवरून विद्यापीठाच्या विभागाने मार्गदर्शकांच्या सहीचा अहवाल तयार केला. मुलांची उत्तरे त्यातून वगळली. अहवालाची एक प्रत सौजन्य म्हणून शाळेला पाठवण्यात आली.

उन्हाळ्यात हेडमास्तर नगरच्या एसटी स्टँडवर भेटले. निकाल लावायचा होता आणि ते अडचणीत होते.

"पुण्याहून कागद आलाय," ते म्हणाले. "पोरं मंद हायेत म्हणे. चौथीत घालू का नको?"

"घाला. त्या कागदात काही अर्थ नाही. चाचणी मीच घेतली होती."

"तुमचं खरं आसंल. पण खाली सही डॉक्टरची हाय. उद्या तपासनीस आला, तर एम.ए.वाल्यानं सांगितलं म्हणू का?"

मुले तिसरीतच राहिली.