पाळकसाहेबांना न मोडता आलेला पाव

पाववाल्या काकांनी देवाशी अबोला धरला होता, पण ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायचा पाव मात्र त्यांच्याच भट्टीतून जायचा. काम शिकवलं थोरल्या भावानं. तो भाऊ आजारी पडला, सगळ्या मंडळीनं गुडघे टेकून प्रार्थना केल्या, आणि तरी तो गेला. तेव्हापासून काकांच्या मनानं घेतलं, की वर ऐकणारं कुणी नाहीच. उपासनेला यायचे, पण दाराजवळच्या मागच्या बाकावर. पावाचं ताट आलं की पोटावर हात ठेवून पुढं सरकवायचे. "पोट जरा बिघडलंय."

खोट्या तोंडानं प्रभूच्या मेजावरचं खाऊ नये, एवढं ते अजून मानत. आणि ताट पुढं गेलं की त्याच्याकडेच बघत बसत.

सारखं पोट बिघडतंय म्हटल्यावर देवळातल्या म्हाताऱ्या औषधाच्या बाटल्या आणू लागल्या. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "पाववाल्याचंच पोट धड नाही, तर पाव घ्यायचा कसा?"

काकू वैतागल्या. "अहो, रुसायचंच असेल तर दुसरं काहीतरी दुखू द्या. गुडघा दुखू द्या!"

त्या रविवारी पहाटे काका पीठ मळता मळता वर बघून भांडत होते. बोलायचं नाही, पण भांडायला काय हरकत? "एवढा भला माणूस! तुला तोच सापडला?" भांडणाच्या भरात खमीर घालायचं राहून गेलं. गोळा फुगेना, तेव्हा ध्यानात आलं. दुसरा मळायला वेळ होता, पण काका हट्टाला पेटले.

"असशील तर तूच फुगव," म्हणाले, आणि गोळा तसाच भट्टीत सारला.

बाहेर निघाला तो पाटा. काकूंनी त्यावर टकटक केलं.

"बघितलंस?" काका म्हणाले. "नाहीच कुणी."

"खमीर विसरलात तुम्ही, आणि झाडाझडती त्याची?"

तेवढ्यात घंटा झाली. आता नवा पाव कुठून आणणार? तोच पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नेला.

पाळकसाहेबांनी पाव उचलला, उपकार मानले आणि मोडला. म्हणजे मोडायला गेले. पाव ढिम्म. पुन्हा जोर लावला, कान लालबुंद झाले. मेजाच्या कडेवर हळूच आपटला, तर मेजाचा टवका उडाला. गाणाऱ्या बायकांनी तोंडात रुमाल कोंबले.

"काका, या पुढं," पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले. "तुमचं लेकरू, तुम्हीच समजवा."

काका बाकाला चिकटूनच बसले असते, पण काकू पुढच्या रांगेतून डोळे वटारत होत्या. गेले. पाव गुडघ्यावर धरला, सगळा राग एकवटून दाबला आणि कडाडकन मोडला. एक तुकडा उडून पहिल्या बाकावरच्या म्हातारीच्या मांडीवर पडला.

"माझा आला हो," ती म्हणाली आणि द्राक्षरसात भिजवायला कप मागू लागली.

पाळकसाहेबांनी एक तुकडा काकांपुढं धरला.

"मला नको," काका कुजबुजले.

"पोट?"

"पोट नाही. विश्वास नाही माझा. हा पावसुद्धा त्याची परीक्षा बघायला असा भाजला. मी लायक नाही."

"लायक म्हणून कोण आलंय इथं? मला तर पावही मोडता येईना. तुमच्यासाठीच मोडलाय. घ्या."

काकांनी घेतला. चावेना, गिळवेना, थुंकायची तर सोयच नाही. मागं सगळी मंडळी कुरुमकुरुम करत होती, कुणी गाल धरून, कुणी डोळे मिटून. तोंड एकानंही वाकडं केलं नाही. काकांना हसू फुटलं, आणि हसता हसता भावाच्या आठवणीनं रडू. तो का गेला, याचं उत्तर काही मिळालं नव्हतं. पण असला पाव आणूनसुद्धा त्यांना मेजावरून कुणी उठवलं नव्हतं.

मागच्या बाकाकडं निघाले, तर काकूंनी बाही ओढून शेजारी बसवलं.

काकांनी वर बघितलं. "भांडण मिटलेलं नाही," ते भरल्या तोंडानं पुटपुटले. "पण जेवायला बसलोय."

"आधी चावा," काकू म्हणाल्या. "मग बोला त्याच्याशी."