जीवखडा नाहीसा झाला तेव्हा

म्हातारा वारला. दहाव्याच्या आत त्याचा जीवखडा घरातून नाहीसा झाला आणि मुलगा ठाण्यात आला. पुढे मी खुनांचे तपास केले, दरोड्यांचे केले. मनातून जात नाही ते हे प्रकरण.

पन्नासचे दशक संपत आले होते. चांदूर रेल्वेच्या बाजूला एका ठाण्यावर मी फौजदार होतो. प्रेताला अग्नी देताना खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो जीवखडा. मृताचा जीव त्यात असतो अशी समजूत. त्याला रोज पाणी देतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. तो नसेल तर दहावा होत नाही.

"आमच्या सावत्र मायनंच लपोला, सायेब," थोरला मुलगा म्हणाला. "दहाव्यापावतर नाई सापडला तं तिले विहिरीत लोटतो का नाई पाहा!"

हवालदाराने टाक उचलला. "मुद्देमालाची किंमत काय लिहू?"

"माहा बाप हाये त्यात!"

"मंग हे चोरीत बसत नाई, सायेब. मानूस पळवल्याचं कलम लागते."

मला हसू आले नाही. थोरल्याने टेबलावर मूठ आपटली होती. अशा माणसाची धमकी मी कधी पोकळ धरली नाही. स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही लगेच गावाला निघालो.

बाई पाट लावून आणलेली, म्हाताऱ्याची दुसरी बायको. स्वतःचे मूल नव्हते. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही हा नियम. म्हणून ओसरीवर गावच्या पाटलांना बसवून मी विचारले. दोन्ही मुलगे दारात उभे होते.

"मी कायले घेऊ? मले नाई ठावं." प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. थोरल्याच्या हातांकडे पाहत होती. जबाबातून काही निघेना. बाहेर माणसे जमू लागली. मी परत फिरलो की आत काय होईल, ते मला दिसत होते.

तेवढ्यात हवालदार विहिरीवरून आला आणि कानाशी लागला. शेजारीण म्हणत होती, बाई रोज सकाळी लोटा घेऊन कापसाच्या खोलीत जाते.

मी अकोल्याकडच्या कापूसवाल्या घरात वाढलो. घरात कापूस भरला की त्या खोलीत कोणी पाण्याचा थेंब नेत नाही. लेकरू ओल्या पायाने शिरले तरी पाठीत धपाटा बसतो. मी बाईला घेऊन त्या खोलीत गेलो आणि दार लोटले. ढिगाच्या मागे, कोपऱ्यात जमीन ओली होती.

"बाई, कापसात पाणी?"

तिने कोपऱ्यातला कापूस सारून दगड दाखवला. मग हळूच म्हणाली, "तहान लागत नसन का त्याइले?"

"मग लपवला कशाला?"

"दहावा झाला का तेरावा. तेराव्याचं जेवन झालं का हे पोरं मले घराबाहेर काढतीन. माहेरी कोन हाये माह्यं? दगड घरात हाये तोवर मी त्याइची बायको हावो."

मी दगडाला हात लावला नाही. बाहेर येऊन पाटलांसमोर थोरल्याला विचारले, "तेराव्यानंतर ही बाई कुठे राहणार?"

"तो आमच्या घरचा प्रश्न हाये."

"कायदा आता बदलला आहे. विधवेचा वाटा मुलाइतकाच असतो. कोर्टात गेली तर शेतही वाटावे लागेल."

धाकटा खाली पाहत म्हणाला, "दादा, राहू दे तिले. एका खोलीनं काय होते?"

पाटलांनीही खाकरून मान हलवली. "राहीन ती," थोरला शेवटी म्हणाला. "पन वावरात बाबाच्या आठवनीचा ओटा बांधू, त्यावर बाबाच्या जोडीनं माह्या मायचं नाव लागन. हिचं नाई."

आतून आवाज आला, "नाव घेऊन काय करू? पान्यापावसात कामी येते का ते?"

मग ती दगड पदरात घेऊन आली. थोरल्याचा हात उठला. मी मध्ये सरकलो. तेवढ्यात त्याला पदरातून गळणारे पाणी दिसले. त्याने दगड घेतला, कपाळाला लावला आणि काही न बोलता बाहेर गेला. वस्तू घरातच मिळाली, तक्रार उरली नाही, अशी नोंद करून मी प्रकरण मिटवले.

बाई शेवटपर्यंत त्या घरात राहिल्या, सुनांचे टोमणे ऐकत. शेताचा वाटा त्यांना मिळाला नाही आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

तोवर संशयिताला यातून काय मिळणार होते, एवढेच मी शोधत असे. त्यानंतर त्याला काय गमावण्याची भीती होती, तेही विचारू लागलो. कितीतरी तपास त्यावर सुटले.

माझी पत्नी गेली त्याला वर्ष होत आले. अमरावतीचे हे घर तिच्या नावावर होते. मुले चांगली आहेत, सुना चांगल्या आहेत, मला पेन्शन आहे. तरी तेराव्याची पंगत उठली तेव्हा मुले आपसांत काय बोलतात इकडे माझे कान होते. घराचा विषय कोणी काढला नाही. मी अजून आम्हा दोघांच्या त्याच खोलीत राहतो.