कॉटखालचं पिंप

काल सुनेने ओट्यावर विसरलेला द्राक्षांचा रस ओतून दिला. तो आंबूस वास आला आणि मी कितीतरी वर्षं मागे, सौदीतल्या अल-खोबरजवळच्या आमच्या कामगार कॅम्पात जाऊन पोचलो.

तिथे दारूला सक्त बंदी, तरी आमचे फोरमन अण्णा आम्ही सगळे राहायचो त्याच खोलीत चोरून द्राक्षांच्या रसाची दारू करायचे. त्या दुपारी पोलीस आले. कॉटखालचं पिंप ओढून त्यांनी झाकण काढलं, तसा हाच वास खोलीभर पसरला.

"किसका है?" सोबतच्या दुभाष्याने विचारलं.

"मेरा," दळवी म्हणाला.

दळवी चिपळूणचा वेल्डर, दारूला कधी न शिवलेला. आदल्या उन्हाळ्यात तो टाकीत गुदमरून पडला, तेव्हा अण्णांनीच आत उतरून त्याला खांद्यावर घालून बाहेर आणलं होतं.

मी मराठीत म्हणालो, "दळवी, खरं सांग. फटके मारतील रे."

"तू मध्ये पडू नको."

अण्णा पुढे सरकले. दळवी त्यांना शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी टाकीत उतरताना तुम्हाला कुणी अडवलं होतं का?"

अण्णा होते तिथेच थांबले. दळवीला बेड्या घालून नेलं. पुढे तुरुंगातूनच त्याला परस्पर गावी पाठवलं.

तेव्हा मला अण्णांचा भयंकर राग आला होता. आज त्यांच्या वयाचा झाल्यावर मात्र तो राग धरवत नाही. पोलिसांनी दळवीला नेलं त्या संध्याकाळी ते त्याची बॅग भरत होते. एकेका शर्टाची घडी मोडून पुन्हा घालत होते.

"मी फक्त त्याला उचललं होतं रे," ते म्हणाले. "आता हे कसं फेडू?"